लाल ताऱ्याची सरासरी

तारे पाहिले की मन शांत होतं, असं ज्यांना वाटतं त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. मी बावीस हिवाळे एकाच ताऱ्याच्या मागे आहे आणि त्याच्यात शांत म्हणावं असं मला अजून काही सापडलेलं नाही.

कृत्तिकांच्या खाली, जरा नैर्ऋत्येला सरकलं की तिमिंगल नावाचा मोठा पसरट तारकासमूह लागतो. त्याच्या मानेत हा तारा बसला आहे. मीरा त्याचं नाव. वस्तुमान आपल्या सूर्याएवढंच, पण आकार शेकडो पट. सूर्याच्या जागी आणून ठेवला तर बुध, शुक्र आणि आपण सगळे त्याच्या पोटात जाऊ. आणि हा एवढा देह स्वस्थ बसत नाही. अकरा महिन्यांत एकदा फुगतो आणि आकसतो. आतली उष्णता वरच्या थरात अडकते, झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखं सगळं वर उचललं जातं, मग उष्णता निसटते आणि उचललेला डोलारा स्वतःच्याच अंगावर कोसळतो. तो कोसळत असतानाच खालून पुढचा धक्का वर निघालेला असतो. दोन्हींची टक्कर होते, वायूचे थर फाटतात आणि त्यातला थोडा माल कायमचा बाहेर फेकला जातो. गावातून नुसत्या डोळ्यांना ठळक दिसणारा तारा चार-सहा महिन्यांत दुर्बिणीशिवाय सापडेनासा होतो. पेटताना त्याला घाई असते, विझताना तो दुप्पट वेळ घेतो.

त्याच्या शेजारी एक छोटा, मेलेला पांढरा तारा फिरत असतो आणि याने फेकलेलं खात असतो. अशा ठिकाणी लोकांना लगेच उपमा सुचतात. मला त्याचा राग येतो. तारा तारा आहे आणि नवरा नवरा. पण माझ्या नवऱ्याला या ताऱ्याबद्दल वर लिहिलेलं सगळं माहीत होतं, कारण ते मीच त्याला शिकवलं होतं, आणि त्यातूनच जे झालं ते झालं.

मी एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. लग्नाआधी तिथल्या एका निवृत्तीला आलेल्या सरांनी मला कॉलेजच्या गच्चीवरून हा तारा दाखवला आणि त्याचं तेज मोजायला शिकवलं. त्याला मोठं यंत्र लागत नाही. आजूबाजूचे न बदलणारे तारे घ्यायचे, त्यांचं तेज नकाशात दिलेलं असतं. आपला तारा याच्याहून मंद आहे आणि त्याच्याहून ठळक आहे, म्हणजे मधे नेमका कुठे, ते डोळ्याने ठरवायचं आणि वहीत लिहायचं. मागच्या खेपेला काय लिहिलं ते आधी बघायचं नाही, नाहीतर डोळा तेच बघतो. लाल ताऱ्याकडे टक लावायची नाही, कारण जितका वेळ बघाल तितका तो जास्त ठळक वाटत जातो. आणि सरांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे पाच बिंदूंवरून कल काढायचा नाही. मीराचं चक्र कधी दहा दिवस आधी येतं, कधी पंधरा दिवस उशिरा. उतावळा माणूस लगेच म्हणतो, बघा, वेग वाढला. पुढच्या दोन चक्रांत तो तोंडावर पडतो. सरासरी धरा आणि गप्प बसा, असं सर म्हणायचे. मी ते मनावर कोरून घेतलं.

लग्न होऊन मी नंदनवन नावाच्या वस्तीत राहायला आले. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपाच्या मोटारी यायच्या, तो त्यातली काळी पडलेली तार उपसून काढायचा आणि नवी भरायचा. एका खोबणीत किती वेढे, हे तो बोलता बोलता मोजायचा आणि त्याचा एक वेढा चुकायचा नाही. वस्तीत त्याच्याइतका मदतीला धावणारा माणूस नव्हता. कुणाकडे मयत झाली की तिरडी बांधायला हा पहिला. बायका मला म्हणायच्या, तू नशीब काढलंस. दुरून डोंगर साजरे, एवढंच मी मनात म्हणायचे.

लग्नाला तीन महिने झाले तेव्हा त्याने पाण्याचा भरलेला तांब्या माझ्या तोंडावर मारला. पुढचा एक दात अर्धा तुटला. वरणात मीठ कमी पडलं होतं, असं मी माहेरी सांगितलं. वरण अगदी बरोबर झालं होतं. मला काहीतरी कारण हवं होतं म्हणून मी मिठाचं नाव घेतलं. नंतर कधी पट्टा, कधी लाटणं, एकदा पंख्याच्या मोटारीचं झाकण. एकदा त्याने मला न्हाणीघराच्या दाराच्या कडेवर इतकं आपटलं की दोन बरगड्यांना तडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच पाणी तापवलं, माझ्या पाठीला हळद-तेल लावलं आणि संध्याकाळी माझी दुर्बीण गच्चीवर नेऊन दिली.

हो, तारा बघायला तो माझ्याबरोबर यायचा. त्याने मला गच्चीवर बसायला तिरकी लोखंडी खुर्ची करून दिली होती, मान दुखू नये म्हणून. टॉर्चच्या काचेवर लाल कागद चिकटवला होता. त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते. मी आकडा लिहायचे, तो त्याचा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, मग आम्ही मिळवून बघायचो, आणि तो कधीही माझा बघून आपला बदलायचा नाही. घरातला टीव्ही त्याने फोडला, आरसे फोडले, माझा हात मोडला, पण दुर्बिणीला त्याने कधी बोट लावलं नाही. असा माणूस मला कळत नव्हता आणि सोडवतही नव्हता. ही लाजेची गोष्ट आहे आणि मी ती लिहिते आहे.

तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या दोन मोठ्या जाती आहेत. एका जातीत ताऱ्याचं स्वतःचं काही बिघडलेलं नसतं. दुसरा तारा त्याच्या आड येतो आणि ग्रहण लागतं, तो बाजूला झाला की तेज पूर्ववत. दुसऱ्या जातीत आड कुणी येत नाही. जे काय असतं ते ताऱ्याच्या पोटात असतं. पहिली आठ-नऊ वर्षं मी नवऱ्याला पहिल्या जातीत धरलं. मूळचा माणूस चांगला, कुणीतरी आड येतं. सासूबाई आड येतात, भागीदार आड येतो, मे महिना आड येतो. मग सासूबाई वारल्या. भागीदार दुकान सोडून अमरावतीला गेला. मी नवा कूलर घेतला. एकेक आडोसा बाजूला झाला, आणि वेळ झाली की हात उठायचा तो उठायचाच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आणखीही एक कळलं. सगळ्यांना वाटतं, तारा सगळ्यात जास्त फुगतो तेव्हा तो सगळ्यात तेजस्वी असणार. खरं उलट आहे. फुगलेला असतो तेव्हा तो थंड आणि मंद असतो. आकसून तापला की पेटतो. नवरा आरडाओरडा करत घरात फिरायचा, वस्तीला ऐकू जाईल अशा शिव्या द्यायचा, त्या दिवसांची मला भीती नसायची. तो गप्प झाला, ताटावर मान घालून जेवायला लागला, चपला दारात जोडीने सरळ लावून ठेवायला लागला की मी लाटणं डब्यांमागे लपवायचे.

मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा मी आलेखाचा कागद घेतला. माझं एकच मागणं होतं, माझं काय व्हायचं ते होवो, तिला हात लागता कामा नये. त्याने तोवर तिला कधी मारलं नव्हतं, पण ती मधे येण्याच्या वयाची होत चालली होती. मी माझ्या डायरीतून, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांतून आणि काही आठवणीतून मागचे बिंदू काढले आणि पुढचे मांडत गेले. खालच्या रेघेवर दिवस. तारे बघणारे लोक महिने-वार धरत नाहीत, दिवस ओळीने मोजतात, सात आकडी संख्या असते. तेच मी वापरलं, कुणाला कळू नये म्हणून. उभ्या रेघेवर एक ते पाच. एक म्हणजे भांडी. दोन म्हणजे हात. तीन म्हणजे कपड्याखाली झाकतील असे वळ. चार म्हणजे न झाकणारे. पाच कशाला ठेवला आहे, हे मी स्वतःला विचारलं नाही.

सरासरी ऐंशी दिवस आली. मग मी पद्धत ठरवली. मागच्या माराला सत्तर दिवस झाले की मुलीला रामटेकजवळ माझ्या भावाच्या गावी पाठवायचं. भाऊ-वहिनी, त्यांची धानाची शेती, घरात पुष्कळ माणसं. काम आटोपलं, म्हणजे माझं अंग सुजून गेलं आणि घर पुन्हा थंड झालं, की परत आणायचं. शाळेला मी खोटे अर्ज द्यायचे. त्या अर्जांत माझे वडील दोनदा वारले. मुलगी परत यायची तेव्हा माझा गाल निळा असायचा आणि मी म्हणायचे, जिन्यावरून पडले. ती म्हणायची, जपून चालत जा. सहा वर्षांत तिने एकदाही तो प्रकार पाहिला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि तो मी कुणाला सांगू शकत नव्हते.

मग तो डिसेंबर आला. मुलगी दहावीत होती. एका रविवारी दुपारी मी मेथी निवडत बसले होते. नवरा संध्याकाळसाठी ताऱ्याचा नकाशा शोधायला फाइल घेऊन बसला होता. थोड्या वेळाने तो माझ्यासमोर आला. हातात तो आलेखाचा कागद.

"हा कोन्ता तारा आहे वं? नाव नाही टाकलं."

 मी मेथीवरून मान वर केली नाही. "नवीन आहे. तुमच्या डोळ्यानं नाही दिसत तो."

"माह्या डोळ्यानं नाही दिसत असा कोन्ता तारा आहे बाप्पा?" तो हसला आणि फरशीवर मांडी घालून बसला. कानावरची पेन्सिल काढली. वेढे मोजतो तसा ओठ हलवत तो चौकोन मोजत गेला. "तू ऐंशी काहून धरून राहिली?"

"सरासरी आहे."

"सरासरीले काय चाटाचं आहे? हे पाह्य. ब्याऐंशी, एकोणऐंशी, सत्त्याहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर. अंतर कमी कमी होऊन राहिलं ना. याच्या बाद पासष्ट येते. बेअरिंग गेलेल्या मोटारीचं असंच होते, खडखड जवळ जवळ येते."

"पाच बिंदूंवरून कल काढत नाहीत."

"तुह्या सरचं तू ऐक." त्याने भिंतीवरच्या, तारखांसमोर सात आकडी दिवस लिहिलेल्या तक्त्यात पाहून दिवस जुळवले. तेही मीच शिकवलं होतं. "संक्रांतीच्या दोनक दिवस पहिले भडकते हा. लिहून ठेव." आणि त्याने पासष्टाव्या दिवशी पेन्सिलीने बारीक फुली मारली. मग कागद लांब धरून पाहिला. "उंची बी वाढून राहिली याची. हा फुटते का एखाद्या दिवशी?"

"असे तारे फुटत नाहीत. आपलं अंग फेकत फेकत संपतात."

"लय टाइम लागत असन."

"लाखो वर्षं."

"मग जाऊ दे," असं म्हणून त्याने कागद फाइलमध्ये होता तिथेच ठेवला आणि चहा मागितला.

त्याला कळलं होतं का? दिवस पुढे मोजणाऱ्याला मागेही मोजता येतात. मागे मोजले असते तर दिवाळीनंतरचा तो दिवस आला असता, ज्या दिवशी त्याने माझा हात दारात चेमटवला होता. की तो खरंच एका चांगल्या कोड्यात रमला होता? मी हे हजारदा उलटसुलट करून पाहिलं आहे. आता विचार करत नाही. त्याला कळलं असेल तर तो राक्षस होता आणि कळलं नसेल तर आंधळा. मार दोन्हीकडून तेवढाच लागतो.

माझं काय चुकलं ते मात्र मला स्वच्छ माहीत आहे. त्याचं म्हणणं बरोबर आहे, हे मला त्या दुपारीच दिसलं होतं. मागच्या खेपेला सत्तराव्या दिवशी मुलगी दुपारी रामटेकच्या बसमध्ये बसली आणि संध्याकाळी त्याने माझा हात दारात घातला. चार-पाच तासांचा फरक. एवढ्याने शहाणी बाई जागी झाली असती. मी उलट स्वतःची पाठ थोपटली, बघा, पद्धत चालते. आता मुलीची पूर्वपरीक्षा जानेवारीत होती आणि ती अडुसष्टाव्या दिवशी संपत होती. सत्तराव्या दिवशी तिला पाठवायचं, हे माझ्या हिशोबात चपखल बसत होतं. पासष्ट धरले असते तर परीक्षेच्या मधून उचलावं लागलं असतं. पण परीक्षा हे निमित्त. खरं कारण माझा माज होता. मी एवढी वर्षं निरीक्षणं केलेली, सरांच्या हाताखाली शिकलेली, आणि हा मोटारीत तार भरणारा माणूस मला कल शिकवणार? एरवी सगळ्या बाबतीत तो माझ्यावर वरचढ होता, निदान आकड्यांत तरी मी त्याच्या वर होते. ती एवढीशी जागा मला सोडवली नाही.

साठाव्या दिवशी चपला दारात जोडीने सरळ लागल्या. मी त्या पाहिल्या. रात्री मुलीच्या शेजारी पडून तिचा बीजगणिताचा पेपर कोणत्या दिवशी आहे ते बोटांवर मोजलं. सरासरीवर विश्वास ठेव, असं मी स्वतःला सांगितलं, दुसरे लोक देवावर ठेव म्हणतात तसं.

पासष्टावा दिवस. संक्रांतीला दोन दिवस होते. दुपारपासून वस्तीतल्या सगळ्या गच्च्यांवर पतंगवाले चढले होते, भोंगे लावले होते, दर मिनिटाला कुठूनतरी 'ओ काट'ची आरोळी उठत होती. मुलगी शिकवणीला गेली होती, सातच्या पुढे येणार होती. मी स्वयंपाकघरात भाताचा कुकर चढवत होते. तो दुकानातून लवकर आला. हातपाय धुतले. टॉवेल खुंटीला नीट लावला. मग आत आला आणि मागे स्वयंपाकघराचं दार लोटलं.

 त्याने माझे केस मुठीत धरले आणि माझं डोकं ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी मी हात मधे घातला तर बोट चिरडलं. मी खाली बसले, त्याने लाथ घातली, ती पोटात बसली. तांदळाचा डबा माझ्या धक्क्याने फळीवरून पडला आणि मोठा आवाज झाला, सगळ्या फरशीभर तांदूळ. बाहेर पोरं ओरडत होती म्हणून वस्तीला ऐकू गेला नसेल. त्याने मला पुन्हा केसांनी उभं केलं. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्या रक्तातून मला दार उघडताना दिसलं आणि दारात मुलगी, शिकवणीहून लवकर परतलेली. पाठीवर दप्तर, हातात कंपास.

मी ओरडले, जा. ती गेली नाही. ती एक पाऊल आत आली आणि म्हणाली, "बाबा."

त्याने वळून पाहिलंही नाही. कुत्रं हाकलावं तसा उलटा हात फिरवला, सगळ्या अंगाच्या जोराने. तो तिच्या कानावर बसला. ती बाजूला फेकली गेली आणि डोकं चौकटीवर आदळलं. कंपासातलं सामान तांदळात सांडलं. ती उठून बसली, आणि कानाला हात लावून तिने तो हात समोर धरून पाहिला. बोटांवर रक्त होतं. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "आई, तू काही बोलून राहिली का?"

मी बोलत होते. मी तिचं नाव घेऊन किंचाळत होते. तिला ते ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते, त्याचं मला काही वाटत नाही. मी कुकर उचलला, अर्धवट तापलेला, आणि त्याच्या अंगावर फेकला. पाणी त्याच्या मांडीवर सांडलं आणि तो ओरडत मागे सरला. मग मी ओट्यावरची खलबत्त्याची लोखंडी दांडी उचलली आणि त्याच्या हातावर मारली, ज्या हाताने तो वेढे भरायचा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला बरं वाटलं. आजही ते आठवलं की बरं वाटतं. तो तांदळात बसला, मोडलेला हात मांडीवर घेऊन, आणि लहान पोरासारखं तोंड करून माझ्याकडे पाहत राहिला. मी मुलीला उठवलं, शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली आणि आम्ही निघालो. त्या घरात मी पुन्हा राहायला गेले नाही.

रामदासपेठेत कान-नाक-घशाचा एक दवाखाना रात्री आठपर्यंत चालू असतो, तिथे ऑटोवाल्याने नेलं. तिथल्या बाईने माझ्या कपाळावर कापूस दाबून धरायला दिला आणि एक अर्ज भरायला दिला. नाव, वय, काय झालं. मी लिहिलं, जिन्यावरून पडली. हात आपोआप गेला. डॉक्टरांनी तिच्या कानात पाहिलं, पडदा फाटला आहे म्हणाले, आतलीही काही तपासणी करावी लागेल म्हणाले, आणि मला विचारलं, "कशी पडली?" मी म्हणाले, जिना ओला होता. ते माझ्या कपाळाकडे बघत राहिले. मग दुसरा पेशंट पाहून येतो म्हणून बाहेर गेले.

आम्ही दोघी त्या तपासणीच्या खोलीत बसलो. तिच्या डाव्या कानावर पट्टी होती. मी तिच्या उजव्या बाजूला सरकून बसले आणि म्हणाले, "तू काहून आली वं आत? आवाज ऐकला नाही का?"

"ऐकला."

"मग?"

 तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघत होता, तिला स्वतःला तो कळत नव्हता. "तू मले मामाकडे पाठवे ना, तेव्हा मले मालूम राहे."

"काय मालूम राहे?"

"का आता तुले मार पडते म्हणून. बसमध्ये बसली का मले समजे. तिथं मी जेवत नव्हती. मामी म्हणे, पोरीले शहराची हवा लागली. मी रोज फोनची वाट पाहो. तुहा फोन आला, ये म्हणून, का मले समजे, झालं आता."

 सहा वर्षं मी तिला ज्यापासून लांब ठेवलं म्हणत होते, त्याच्याबरोबर ती रामटेकच्या त्या घरात दहा-दहा दिवस एकटी बसली होती.

"या बारीले तू पाठवलं नाही," ती म्हणाली. "म्हणून मले वाटलं, काही नाही, डबा पडला असन. म्हणून मी दार लोटलं."

डॉक्टर परत आले. हातात तो अर्ज होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मला पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा, कशी पडली.

"पडली नाही," मी म्हणाले. "हिच्या बापानं मारलं. त्याच्या आधी मला मारत होता. सोळा वर्षांपासून मारतो."

त्यांनी पेन काढलं. मी सांगत गेले, तारीख, वार, कशाने मारलं, कुठे लागलं. मुलगी मान वळवून, चांगला कान माझ्याकडे करून ऐकत होती.